मायनरच्या उबेवर घर तापवावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: जुना अँटमायनर एस९ (बिटकॉइन मिळवण्यासाठी सतत आकडेमोड करणारं मशीन, म्हणजेच मायनर) हाताशी आलाय. थंडीत रोज संध्याकाळी हीटर लावावाच लागतो, मग त्याऐवजी हाच का लावू नये? ऊब मिळेल, वर बिटकॉइन मिळतील. तो हीटरइतकी खोली तापवेल का, आवाजाचं काय करायचं आणि हे खरंच परवडतं का?

सहा हिवाळे मी घरात मायनर चालवून ऊब घेतोय. या काळात एक सॉकेट जाळला, दोन हॅशबोर्ड (मायनरमधले चिपचे बोर्ड) घालवले आणि आवाजावरून घरच्यांची बोलणी तर भरपूर खाल्ली. त्या अनुभवावर सांगतो.

आधी ऊब. १३०० वॅटचा मायनर आणि १३०० वॅटचा हीटर घराला अगदी सारखीच उष्णता देतात. पुष्कळांना वाटतं की मायनर 'काम' करतो, म्हणजे थोडी वीज त्या कामात खर्ची पडून उष्णता कमी मिळत असेल. तसं नसतं. चिपमध्ये गेलेली सगळी वीज शेवटी उष्णताच होते, पंख्याने हलवलेली हवासुद्धा भिंतींना घासून थांबते आणि तिचीही उष्णताच होते. केबलमधून बाहेर जातात ते चार बाइट, त्यांना वजन नाही. उलट बाजूने 'मायनर हीटरपेक्षा जास्त तापवतो' असं छातीठोकपणे सांगणारेही भेटतात. तेही चूक. १ युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी, मग ती कॉइलमधून जाऊ दे नाहीतर चिपमधून.

तेव्हा ऊब ही बाजू सरळ आहे. सगळा गुंता पैशाच्या बाजूला आहे, आणि तिथे लोक चुकीच्या गोष्टीशी तुलना करतात.

समजा, साध्या हीटरने खोली तापवायला १०० लागतात. मायनरने त्यातले २० परत मिळवून दिले, तर तीच ऊब ८० ला पडली. ५० परत आले तर निम्म्यात. हे ऐकायला छान वाटतं, पण ही तुलना कॉइलच्या हीटरशी झाली, आणि कॉइलचा हीटर हा विजेने घर तापवायचा सगळ्यात महाग मार्ग आहे. हीट पंप, म्हणजे आपला हॉट अँड कोल्ड एसी, १ युनिट वीज खाऊन बाहेरच्या हवेतली आणखी २ युनिट उष्णता आत ओढतो. घरात ३ युनिट पडतात. म्हणजे त्याच्याकडून तीच ऊब ३३ ला मिळते. बाहेर कडाक्याची थंडी असेल तर त्याचा दम कमी होतो, ३ च्या जागी २ धरा, तरी ५० ला पडते. म्हणून ज्याच्या घरी हीट पंप आहे त्याने एवढंच बघावं: माझा मायनर विजेच्या खर्चापैकी दोन तृतीयांश परत देतो का? देत नसेल तर हीट पंप चालवा आणि शिल्लक पैशात बिटकॉइन विकत घ्या, जास्त येतील. ज्याच्याकडे कॉइल, ऑइल रेडिएटर किंवा ब्लोअर याशिवाय काही नाही, त्याला मात्र मायनरने परत दिलेला प्रत्येक टक्का हा फायदाच.

आता तुमचा मायनर किती परत देतो हे कसं काढायचं? तयार कॅल्क्युलेटर आहेत, पण एकदा हाताने केलेलं बरं, म्हणजे कोणी थापा मारल्या तर कळतं. मायनर बिटकॉइनच्या व्यवहारांचे गठ्ठे, म्हणजे ब्लॉक, नोंदवतात आणि त्याचं बक्षीस मिळवतात. साधारण दर चार वर्षांनी हे बक्षीस निम्मं होतं, त्याला हाविंग म्हणतात. एप्रिल २०२४ च्या हाविंगनंतर एका ब्लॉकला ३.१२५ बिटकॉइन मिळतात. दिवसाला साधारण १४४ ब्लॉक, म्हणजे ४५० बिटकॉइन, तासाला १८.७५. जगभरातला एकूण हॅशरेट (सगळ्या मायनरांचा आकडेमोडीचा वेग) सोयीसाठी १ झेटाहॅश धरू, म्हणजे १ अब्ज टेराहॅश. भागाकार केला की एक टेराहॅश तासभर चालल्यावर वाट्याला येतात १.८७५ सातोशी (एक सातोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग). मशीनची कार्यक्षमता जूल प्रति टेराहॅशमध्ये देतात. १८७५ ला त्या आकड्याने भागा, आलेलं उत्तर म्हणजे १ युनिट विजेमागे मिळणारे सातोशी. व्यवहार शुल्काचा वाटा थोडा वर मिळतो, पूलचं (अनेक मायनर एकत्र येऊन कमाई वाटून घेतात त्या गटाचं) कमिशन थोडं खाली खेचतं, मी दोन्ही सोडून देतो.

एस९ हे २०१६ चं मशीन, १३.५ टेराहॅशला साधारण १३०० वॅट खातं, म्हणजे ९७ जूलच्या आसपास. १८७५ भागिले ९७: युनिटला १९ सातोशी. एस१९ प्रो २०२० चा, २९.५ जूल, त्याचे येतात ६४. एस२१ चा आकडा १७.५, त्याचे १०७. तिन्ही मशीन युनिटला ऊब तेवढीच देणार, पण परतावा एकाचा दुसऱ्याच्या साडेपाच पट. या सातोशींना आजच्या भावाने गुणा, तुमच्या युनिटच्या दराने भागा, आणि वर सांगितलेला टक्का हातात येईल. जगाचा हॅशरेट झेटाहॅशपेक्षा कमी-जास्त असेल तर त्या प्रमाणात उत्तर वर-खाली करा.

मग सरळ एस२१ च घ्यावा? इथे माझं मत बहुतेकांपेक्षा वेगळं आहे. हीटर म्हणून मशीन किती तास चालतं? चार महिने, रोज १२ तास धरले तर १४४० तास. वर्षात तास असतात ८७६०. म्हणजे मशीनची किंमत वसूल करायला तुमच्याकडे जेमतेम सहावा हिस्सा वेळ आहे. महागडं नवं मशीन आठ महिने माळ्यावर पडून राहणार आणि तेवढ्यात जुनं होणार. दर २०१६ ब्लॉकनी, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, डिफिकल्टी, म्हणजे ब्लॉक मिळवायची अवघडता, बदलते, आणि २०२८ मध्ये पुढचं हाविंग अपेक्षित आहे, तेव्हा तो १८७५ चा आकडा निम्मा होईल. मागच्या हिवाळ्याचा हिशेब या हिवाळ्यात चालत नाही. त्यामुळे हीटरसाठी मला मधलं, वापरलेलं मशीन पटतं: एस१९ च्या पिढीतलं, वॅट कमी करून चालवलेलं. तुमचा एस९ जवळपास फुकट आला असेल तर तोही चालेल, पण परतावा नाममात्र राहील हे धरून चाला. आणि त्याच्यासाठी डक्ट, पंखे, पेटी असं करत सुटू नका. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायला वेळ लागत नाही, मी स्वतः करून बसलोय.

एस९ वाल्यांना आणखी एक गंमत कळलेली नसते. दिवसाला १२ तास चालवला तर वरच्या हिशेबाने मिळतात साधारण ३०० सातोशी. चार महिन्यांत ३६,०००. बऱ्याच पूलची पैसे सोडायची किमान मर्यादा याहून मोठी असते. म्हणजे हिवाळा संपला तरी कमाई पूलच्या खात्यातच अडकलेली. लाइटनिंगवर (बिटकॉइनच्या छोट्या, झटपट व्यवहारांच्या जाळ्यावर) छोट्या रकमा देणारा पूल आधीच शोधा.

ग्राफिक्स कार्डं जोडून केलेल्या मायनरबद्दल फार लिहीत नाही. २०१८ मध्ये फ्रान्सच्या कार्नो कंपनीने दोन ग्राफिक्स कार्डांचा भिंतीवरचा क्रिप्टो हीटर बाजारात आणला होता, कल्पना सुरेख होती. पण १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या दुसऱ्या मोठ्या क्रिप्टो चलनाने मायनिंगच बंद केलं आणि कार्डांच्या मायनिंगचा मोठा आधार एका दिवसात गेला. उरलेल्या नाण्यांवर परतावा मिळतो तो नावापुरता.

आता आवाज. नव्याने मशीन घेणारे बरेच लोक इथेच माघार घेतात. एस९ काय किंवा एस१९ काय, कंपनीतून येतो तसा लावला तर ७५ डेसिबलच्या घरात आवाज करतो. व्हॅक्यूम क्लीनर सुरू करून तो रात्रभर शेजारी ठेवून झोपा, म्हणजे अंदाज येईल. पहिल्या रात्री मी मशीन बैठकीच्या खोलीत लावलं, दार लावून घेतलं, आणि तरी घरातलं सगळं माणूस दहा मिनिटांत दारात उभं.

उपाय पंखा बदलण्यापासून सुरू होत नाही, वॅट कमी करण्यापासून होतो. उष्णता कमी निर्माण केली तरच पंखा हळू फिरवता येतो. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, कानाला तो निम्म्याहूनही कमी वाटतो. पण हवाही निम्मीच वाहते. म्हणून आधी अंडरक्लॉक, म्हणजे चिपचा वेग उतरवणं. इथे निसर्ग आपल्या बाजूने आहे: चिपची वीज फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. फ्रिक्वेन्सी २० टक्के उतरवली आणि त्यामुळे व्होल्टेज १० टक्के उतरवता आलं, तर कागदावर वीज ०.८ × ०.८१, म्हणजे ६५ टक्क्यांवर येते, पण हॅशरेट ८० टक्के राहतो. युनिटमागे मिळणारे सातोशी जवळपास पावपट वाढले. आवाजही गेला, परतावाही सुधारला. कंपनीचं फर्मवेअर (मशीन चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) एवढी मोकळीक देत नाही. ब्रेन्स ओएससारखं पर्यायी फर्मवेअर टाकलं की 'मला ७०० वॅट हवेत' एवढं सांगायचं, बाकीचं जुळवणं ते स्वतः करतं. टाकण्याआधी आपल्या कंट्रोल बोर्डाला ते चालतं का ते बघा.

मग पंखे. मूळ पंखे १२० मिलिमीटरचे असतात, त्यामुळे कॉम्प्युटरचे शांत पंखे मापात बसतात, पण त्यांचा जोर खूप कमी. पूर्ण वॅटवर ते लावले तर बोर्ड तापून मशीन बंद पडणार. अर्ध्या वॅटवर छान चालतात. कनेक्टरच्या पिना जुळतात का हे आधी तपासा, आणि मूळ फर्मवेअरला पंख्याचे फेरे दिसले नाहीत तर ते एरर देऊन हॅशिंग थांबवतं, हेही लक्षात असू द्या. एस९ चा पॉवर सप्लाय वेगळा असतो, त्याच्यात एक छोटा पंखा आहे. बाकी सगळं शांत केल्यावर रात्री तो एकटाच किणकिणत राहतो. एस९ वर आणखी सोपी युक्ती म्हणजे तीनपैकी एक-दोन हॅशबोर्ड काढून ठेवायचे. एका बोर्डवर ४०० वॅटच्या आसपास ऊब मिळते, छोट्या खोलीला रात्रभर तेवढी पुष्कळ होते.

हवेचा हिशेब एका ओळीत लक्षात ठेवा: वॅट गुणिले ३, भागिले ताशी घनमीटर हवा, म्हणजे हवा किती अंशांनी तापेल ते. १३०० वॅट आणि ताशी २०० घनमीटर असेल तर साडेएकोणीस अंश. २० अंशांची हवा आत गेली, ४० ची बाहेर आली, हाताला छान गरम लागते.

याच सूत्राने एक चूक उघडी पडते. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी मशीन खिडकीत बसवलं होतं: बाहेरची गार हवा आत ओढायची, मशीनमधून तापवून खोलीत सोडायची. चिप गार राहतात म्हणून खूश होते, पण खोली काही तापेना. बाहेर ० अंश असताना १३०० वॅट खर्चून ती ताशी २०० घनमीटर हवा जेमतेम १९-२० अंशांवर येते. म्हणजे मशीनची सगळी उष्णता बाहेरच्या हवेलाच खोलीच्या पातळीवर आणण्यात संपली, भिंती आणि काचांमधून जी गळती होते तिच्यासाठी काहीच उरलं नाही. शिवाय आत आली तेवढीच गरम हवा फटींतून बाहेर जातेच. मशीनने खोलीतलीच हवा घ्यावी आणि खोलीतच सोडावी. मशीन दुसऱ्या खोलीत ठेवून १५० मिलिमीटरच्या डक्टने गरम हवा आणणार असाल, तर हवेला परत जायची वाट ठेवा, दाराखाली बोटभर फट तरी. नाहीतर पंखा नुसता धापा टाकतो.

विजेच्या जोडणीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथली चूक घर जाळते. हीटर आपण दोन-चार तास लावतो, मायनर दिवसेंदिवस पूर्ण लोडवर चालतो. सतत चालणाऱ्या लोडला सर्किटच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपुढे जाऊ नये, हा जुना नियम आहे. १३०० वॅट २३० व्होल्टला ५.६ अँपिअर, काही अडचण नाही. एस१९ प्रो चे ३२५० वॅट म्हणजे १४ अँपिअर. १६ अँपिअरच्या सर्किटवर ८० टक्के म्हणजे १२.८, तेव्हा पूर्ण वॅटवर तो तिथे बसत नाही. वॅट उतरवा किंवा इलेक्ट्रिशियनकडून जाड वायरची वेगळी लाइन ओढून घ्या. जिथे घरगुती पुरवठा ११०-१२० व्होल्टचा आहे तिथे एस१९ चा सप्लाय चालतच नाही, त्याला २०० च्या वर लागतात.

माझा सॉकेट जळाला तो ५-६ अँपिअरवरच. लोड जास्त नव्हता, एक्स्टेन्शन बोर्डातली पत्ती ढिली होती. तीन आठवडे काही झालं नाही. मग एका रात्री खोलीत मासळी कुजल्यासारखा वास यायला लागला. हा वास ओळखून ठेवा, तापलेल्या प्लॅस्टिकचा तो असतो. पिन काढली तर निम्मी वितळून बोर्डात चिकटलेली. एमसीबी पडला नव्हता, पडणारही नव्हता, कारण त्याच्या दृष्टीने करंट बरोबरच होता. तेव्हापासून एक्स्टेन्शन नाही, थेट भिंतीतला सॉकेट, चालू केल्यावर तासाभराने पिनवर हात ठेवून बघायचं, आणि नंतर दर आठवड्याला. कोमट चालेल, हात ठेवता येत नसेल तर बंद. अर्थिंग तपासलेलं हवं. खोलीत स्मोक अलार्म हवा.

हीटर कलंडला तर आपोआप बंद व्हायची सोय त्याच्यात असते. मायनर हे घरगुती उपकरण म्हणून बनलेलंच नाही, त्याच्यात तसलं काही नाही. कपडे त्याच्यावर वाळत घालायचा मोह प्रत्येकाला होतो. घालू नका. एकदा मी पुढ्यात दोरी बांधली होती. महिन्याभराने पंखा उघडला तर हीटसिंकच्या फटींत लोकरीचा नमदा बसला होता, आणि माझा पहिला हॅशबोर्ड त्यातच गेला. आत जाणाऱ्या बाजूला पातळ जाळी लावा, दर पंधरा दिवसांनी ती झटकून घ्या. एवढं मात्र चांगलं की ज्वाला नाही, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइडची भीती नाही. हवा कोरडी वाटते, ती कुठल्याही हीटरने वाटतेच.

थर्मोस्टॅटला जोडून सारखं चालू-बंद करण्याची कल्पना मलाही सुचली होती. दुसरा हॅशबोर्ड त्याने खाल्ला. चिप तापून फुगतात, गार होऊन आक्रसतात, आणि रोज वीसदा हे झालं की सोल्डरचे डाग (जोड) सुटतात. त्यापेक्षा फर्मवेअरमधून वॅट वर-खाली करा: रात्री ५००, पहाटे ९००. आणि फार गार खोलीत मशीन एकदम पूर्ण वेगाने सुरू करू नका. यांची कामाची मर्यादा ० ते ४० अंश असते, त्याखाली बोर्ड सुरू व्हायला कुरकुरतात.

नेटवर्कवर जोडल्या जोडल्या पासवर्ड बदला. अँटमायनरचा मूळ यूजर आणि पासवर्ड दोन्ही 'रूट' असतात, हे सगळ्या जगाला माहीत आहे. कोणी आत शिरलं तर वीज तुमची आणि सातोशी त्याचे.

हे सगळं नको असेल तर तयार मायनर-हीटर मिळतात. कनानचा अ‍ॅव्हलॉन मिनी ३ हा ८०० वॅट आणि ३७.५ टेराहॅशचा, दिसायलाही हीटरसारखा. सूत्रात घातलं तर युनिटला ८८ सातोशी येतात. ज्याला पाना-पेचकस हातात घ्यायचा नाही त्याने हाच मार्ग धरावा, फक्त त्या १४४० तासांत किंमत वसूल होते का ते बघून.

पाण्याने तापणारं घर असेल तर गोष्ट आणखी रंगते. मशीन वीज न वाहणाऱ्या तेलात बुडवायचं किंवा पाण्याने गार होणारं मॉडेल घ्यायचं, आणि ती उष्णता हीट एक्स्चेंजरमधून फरशीखालच्या नळ्यांत सोडायची. फरशीला ३५-४५ अंशांचं पाणी पुरतं आणि मायनर ते आरामात देतो. पंखाच नाही, त्यामुळे आवाजही नाही. फिनलंडमध्ये २०२४ पासून मॅरेथॉन (आता मारा) कंपनीचे मायनर एका गावाच्या सामायिक गरम पाण्याच्या जाळ्याला अशीच उष्णता पुरवतात. अंघोळीच्या साठवलेल्या पाण्याला मात्र लीजिओनेला जंतूंमुळे ६० अंश गाठावे लागतात. तिथे मायनरने पाणी अर्ध्यापर्यंत तापवावं, वरचं काम गीझरने करावं. पण हे प्लंबिंगचं काम आहे, पहिल्याच हिवाळ्यात यात पडू नका.

तुमच्या एस९ साठी माझा सल्ला असा. घरात हीट पंप असेल तर एस९ देऊन टाका. नसेल तर एक बोर्ड काढून, फर्मवेअर बदलून, ६०० वॅटच्या आसपास, थेट सॉकेटवर, झोपायच्या खोलीऐवजी दिवसा वावर असतो त्या खोलीत लावा. पंखे बदलण्यापलीकडे त्याच्यावर खर्च करू नका. थंडी ओसरली की ब्लोअरने धूळ उडवा (पंख्याचं पातं बोटाने धरून, नाहीतर ते उलटं फिरून कंट्रोल बोर्डात करंट ढकलतं), सिलिका जेलच्या पुड्यांसोबत पिशवीत बांधून कोरड्या जागी ठेवा. आणि पुढच्या वर्षी पहिली थंडी पडायच्या पंधरा दिवस आधी काढून तासभर चालवून बघा. मशीन बिघडलेलं कळायचं असेल तर ते हीटरची गरज लागण्याआधी कळलेलं बरं.